बाहेरच्या अंगाने दुखणारा खुबा: कुशीवर झोपता येईना, जिना चढता येईना (अनुभव आणि फिजिओथेरपी)

घाटवाट, सातारा

नमस्कार मंडळी. इथे गुडघेदुखी, टाचदुखी, मानदुखी सगळ्यांवर धागे आहेत, पण मला झालेल्या दुखण्यावर शोधूनही काही सापडलं नाही. म्हणून सविस्तर लिहिते. माझं वय ५२, हायस्कूलमध्ये गणित शिकवते.

आधी नेमकं कुठे दुखत होतं ते सांगते, कारण माझे सात-आठ महिने याच घोळात गेले. कमरेवर हात ठेवून तसाच खाली सरकवत आणला की मांडीच्या बाहेरच्या अंगाला एक टणक हाड हाताला लागतं, परकराच्या नाडीपासून साधारण वीतभर खाली. माझं उजव्या बाजूचं ते हाड आणि त्याच्या मागचा-वरचा भाग दुखायचा. तिथून कळ सलवारीच्या बाजूच्या शिवणीसारखी सरळ गुडघ्याकडे उतरायची. जांघेत नाही, पाठीत नाही, पोटरीत मुंग्या नाहीत.

रात्री सगळ्यात वाईट. उजव्या कुशीवर वळलं की त्या हाडाखाली खडा ठेवल्यासारखं व्हायचं. डाव्या कुशीवर वळले तरी तासाभराने उजवाच ठणकायला लागायचा, आणि हे तर मला अजिबातच कळत नव्हतं. सकाळी पहिली दहा पावलं लंगडत. शाळेचा जिना कठड्याला धरून. साडी नेसताना परकरात पाय घालायला एका पायावर उभं राहिलं की डोळ्यांत पाणी.

एका ठिकाणी साइटिका सांगून गोळ्या दिल्या. दुसऱ्या ठिकाणी एक्स-रे झाला, 'हाडात काही नाही, वजन कमी करा' म्हणाले. वजन कमी करायचं म्हणून मी मैत्रिणींबरोबर रोज पहाटे अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याने वर चालायला लागले. तीन आठवड्यांत दुखणं दुप्पट. मग कुणीतरी सांगितलं, स्नायू आखडलेत, ताणा. उताणं झोपून उजवा पाय छातीशी घेऊन डावीकडे आडवा ओढायचा. ओढताना फार बरं वाटायचं. त्या रात्री झोप नाही.

शेवटी पोवई नाक्याजवळच्या एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. तिने तीनच गोष्टी केल्या. आधी त्या हाडावर बोटाने दाबलं, मी किंचाळलेच. मग भिंतीला नुसतं एक बोट टेकवून उजव्या पायावर उभं केलं आणि घड्याळ लावलं. तीस सेकंद उभं राहायचं होतं, अठराव्या सेकंदाला तीच ओळखीची कळ आली. मग मांडी वळवून बघितली, जांघेत दुखतंय का विचारलं, पाठ तपासली. आणि म्हणाली, "ताई, हे साइटिका नाही आणि सांधा झिजलेला नाही. हे खुब्याच्या कंडरेचं, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीचं, दुखणं आहे."

त्यानंतर तिने जे विचारलं ते मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "ओट्याशी कशा उभ्या राहता?" मी तिथेच उभी राहून दाखवलं: सगळा भार उजव्या पायावर, खुबा बाजूला काढलेला, डावा पाय उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवलेला. चपात्या लाटताना मी आयुष्यभर अशीच उभी राहिले आहे. फळ्याशीही तशीच. स्टाफरूममध्ये पायावर पाय टाकून. नवऱ्याच्या स्कूटरवर साडी नेसून एका अंगाने, गुडघे जुळवून. ती म्हणाली, या प्रत्येक वेळी मांडी शरीराच्या मधल्या रेषेकडे ओढली जाते आणि कंडरा त्या हाडावर दाबली जाते. जो ताण देत होतात, त्यानेही तेच होत होतं.

आज चौदा आठवडे झाले. रात्री सलग झोपते आहे. व्यायाम काय केला ते खाली सांगते, आधी तुमच्यापैकी कुणाला असं झालंय का ते लिहा.

चंदनवंदन

ताई, धागा काढलात ते फार बरं केलंत. मी धावणारा माणूस, दरवर्षी आपल्या हिल हाफ मॅरेथॉनसाठी येवतेश्वर घाटात सराव करतो. आमच्या ग्रुपमध्ये बाहेरून खुबा दुखला की पहिला सल्ला एकच: मांडीच्या बाजूचा पट्टा आखडलाय, पाय मागून आडवा टाकून ताण, नाहीतर फोमच्या रोलरवर लोळव. मीही दुसऱ्यांना हेच सांगत आलोय. हे चुकीचं आहे का?

कृष्णाकाठची_फिजिओ, मिरज

मी या क्षेत्रात आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

चंदनवंदन, या दुखण्यात हो, तो सल्ला उलटा पडतो. कारण समजून घ्या. खुब्याच्या बाजूला दोन स्नायू असतात, एक मधला आणि त्याच्याखाली एक लहान. त्यांच्या कंडरा त्या टणक हाडावर येऊन चिकटतात. आपण चालतो तेव्हा प्रत्येक पावलाला काही क्षण एकाच पायावर असतो, आणि तेवढा वेळ कंबर दुसऱ्या बाजूला कलंडू न देण्याचं काम हे स्नायू करतात. कावड डोळ्यांसमोर आणा, पण खांदा मधोमध नाही, एका टोकाच्या जवळ. लांब टोकाला शरीराचं वजन आणि आखूड टोकाला हा स्नायू. मग स्नायूला वजनापेक्षा कितीतरी जास्त ओढावं लागणारच. नुसतं एका पायावर उभं राहिलं तरी खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भार येतो. चढावर आणि धावताना आणखी.

कंडरा ओढ सहन करायला बनलेली असते. तिला सोसत नाही ते एकाच वेळी ओढ आणि दाब. विहिरीचा दोर कुठे विरतो? अधांतरी लोंबतो तिथे नाही, रहाटावर वाकतो तिथे. मांडी आत गेली की तुम्ही म्हणता तो मांडीच्या बाजूचा जाड पट्टा कंडरेला हाडावर दाबतो. ताण देताना तुम्ही नेमकं तेच करता. रोलरने तर थेट दुखऱ्या जागीच दाब. तात्पुरतं बरं वाटतं, त्यामुळे माणूस फसतो.

पूर्वी या दुखण्याला हाडाजवळच्या पाण्याच्या पिशवीची सूज म्हणत. पुस्तकांत अजून ते नाव आहे. पण सोनोग्राफी आणि एमआरआय होऊ लागले तसं दिसलं, की बहुतेक रुग्णांत मूळ बिघाड कंडरेत असतो. पिशवी सुजलेली असली तरी बहुधा त्याच्या जोडीने. एक्स-रेमध्ये कंडरा दिसत नाही, म्हणून 'एक्स-रे नॉर्मल' याचा अर्थ 'दुखणं खोटं' असा कृपा करून कुणी काढू नका. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांना घरच्यांनी हेच ऐकवलेलं असतं आणि मला त्याचा फार त्रास होतो.

बायका म्हणाले, कारण हे चाळिशी ते साठीच्या बायकांमध्ये पुरुषांपेक्षा बरंच जास्त दिसतं. पाळी जाण्याच्या सुमाराला इस्ट्रोजेन कमी होतं, कंडरेच्या बांधणीवर त्याचा परिणाम होतो असं मानतात. त्यात वजन वाढलेलं, आणि व्यायाम एकतर शून्य किंवा एकदम गड.

शाहूपुरी_६८

घाटवाट ताई, आमच्या सौभाग्यवतींना डिट्टो हेच आहे. वय ६३. डॉक्टरांनी इंजेक्शन सुचवलंय, एका सुईत बरं वाटेल म्हणाले. तिला मधुमेह आहे. घ्यावं का?

कृष्णाकाठची_फिजिओ

काका, निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या, मी फक्त माहिती देते. ऑस्ट्रेलियात यावर एक चांगली चाचणी झाली, २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. ३५ ते ७० वयाचे २०४ रुग्ण, तीन गट. एका गटाला आठ आठवडे समजावून सांगणं आणि व्यायाम, दुसऱ्याला स्टेरॉइडचं एक इंजेक्शन, तिसऱ्याला थोडी माहिती देऊन 'वाट बघा'. आठ आठवड्यांनी बरं वाटतंय म्हणणारे व्यायामाच्या गटात ७७ टक्के, इंजेक्शनच्या ५८, वाट बघणाऱ्यांत २९. वर्षभराने व्यायामवाले जवळपास तिथेच होते, ७८-७९ टक्के. इंजेक्शनचा गट ५८ वर, आणि वाट बघणारेसुद्धा तोवर ५२ च्या आसपास आले होते.

म्हणजे इंजेक्शन निरुपयोगी आहे असं नाही. दुखणं इतकं आहे की व्यायाम सुरूच करता येत नाही, तिथे त्याचा उपयोग होऊ शकतो. पण सुईने दुखणं थांबलं म्हणून लगेच पूर्वीसारखं वागायला लागलं की ते परत येतं. आणि मधुमेहात स्टेरॉइडच्या इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढते, तेव्हा घ्यायचं ठरलंच तर साखर तपासत राहा आणि आधी तिच्या मधुमेहाच्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

बेदाणा_वाडी, तासगाव

माझ्या आईचं हेच आहे असं वाटतंय. ती सीझनला बेदाणा निवडायला जाते. दिवसभर खाली, दोन्ही पाय एका बाजूला दुमडून बसते. संध्याकाळी उठताना पाच मिनिटं जागची हलत नाही. खुर्ची तिथं कोण देणार? आणि रोज बुडवून घरी बसणं आम्हाला परवडणारं नाही. तुमची माहिती चांगली आहे पण सगळी ओटा आणि सोफा असलेल्यांसाठी आहे, राग मानू नका.

कृष्णाकाठची_फिजिओ

राग कसला, तुम्ही बरोबर बोललात. काम न सोडता काय करता येईल तेवढंच सांगते.

पाय एका बाजूला दुमडून बसणं हेच सगळ्यात वाईट, कारण त्यात एक मांडी पूर्ण आत वळते. त्याऐवजी बुडाखाली काहीतरी उंच घ्यायचं: पाट, घडी केलेलं पोतं, जे मिळेल ते. जितकं उंच तितकं बरं. दोन्ही गुडघे उघडे ठेवून बसायचं. मांडी घालून बसल्याने दुखत नसेल तर बसू दे, ज्यांना दुखतं त्यांनी एक पाय पुढे लांब करायचा आणि थोड्या वेळाने पाय बदलायचा. दर अर्ध्या-पाऊण तासाला पाणी प्यायच्या निमित्ताने उठायचं. उठताना एका पायावर भार घेऊन झटक्यात नाही: आधी गुडघ्यांवर यायचं, पाय खांद्याइतके फाकवायचे, हाताने आधार घ्यायचा, मग उठायचं. आणि रात्री झोपताना दोन गुडघ्यांच्या मध्ये घोंगडी किंवा गोधडीची जाड घडी. एवढं दोन आठवडे करून बघू दे. सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपी विभाग असेल तर एकदा दाखवा. मिरज-सांगलीत दाखवायचं असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा, कुठे जायचं ते सांगते.

माहुलीकर

घाटवाट ताई, तुमच्या वर्णनातलं 'जांघेत नाही' वाचून थांबलो. माझं उलट आहे. वय ३४. डावी जांघ आतून दुखते, बूट घालताना पाय वर घेता येत नाही, मांडी घालून बसताच येत नाही. जिममध्ये लचकलं असेल म्हणून दोन महिने खुब्याचे व्यायाम करतोय, फरक नाही. कोविडमध्ये दवाखान्यात असताना स्टेरॉइडचे डोस झाले होते, हे सांगायचं राहिलं.

कृष्णाकाठची_फिजिओ

माहुलीकर, व्यायाम आजपासून बंद आणि या आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. जांघेत दुखणं आणि मांडी आत वळवताना अडणं हे सांध्याचं लक्षण असतं, बाहेरच्या कंडरेचं नाही. स्टेरॉइड घेतलेल्या माणसात खुब्याच्या गोळ्याचा, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाचा, रक्तपुरवठा कमी होऊन हाड खराब होऊ शकतं. सुरुवातीला एक्स-रेत ते दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. असेलच असं मी म्हणत नाही, पण हे आधी तपासायला हवं. डॉक्टरांना स्टेरॉइडचं स्वतःहून सांगा, ते विचारायची वाट बघू नका.

बाकीच्यांसाठीही लिहून ठेवते. पडल्यानंतर पाय टेकवताच येत नसेल, ताप असेल, वजन कारणाशिवाय उतरत असेल, पूर्वी कर्करोग झालेला असेल, किंवा कुठल्याच स्थितीत न थांबणारी रात्रीची वेदना असेल, तर धागे वाचत बसू नका, डॉक्टरांकडे जा. कळ गुडघ्याखाली पावलापर्यंत जात असेल आणि मुंग्या-बधिरपणा असेल तर पाठ तपासून घ्या. आणि त्या बाहेरच्या हाडावर दाबून अजिबातच दुखत नसेल, तर या धाग्यातलं दुखणं तुमचं नसण्याचीच शक्यता जास्त.

जुनं_वळण

आमच्याकडे अशा दुखण्याला निर्गुडीच्या तेलाने रगडून मालिश आणि गरम विटेचा शेक. आजी ९० वर्षं जगली, काठी लागली नाही. हे सगळं फिजिओचं बिलाचं काम वाटतं.

घाटवाट

जुनं_वळण, शेकाबद्दल तुमचं बरोबर आहे. मलाही शेकाने बरं वाटायचं आणि फिजिओने त्याला मनाई केली नाही. तेल स्नायूच्या मांसल भागावर हलक्या हाताने लावलं तर काही बिघडत नाही. पण रगडून मालिश मी करून घेतली आहे, नेमक्या त्या हाडावर, सलग पाच दिवस. सहाव्या दिवशी वर्गात उभी राहू शकले नाही. ज्या जागेला दाबच सोसत नाही तिथे अंगठ्याने रगडणं मी आता कुणालाही सांगणार नाही. आणि तुमच्या आजी दिवसातून शंभर वेळा जमिनीवरून उठत-बसत असतील, पाणी शेंदत असतील. त्यांच्या खुब्याला तेवढा व्यायाम आपोआप होता. मी तीस वर्षं फळ्यासमोर एका पायावर रेलून उभी आहे.

बिलाचं म्हणाल तर मी एकूण सहा वेळा गेले. बाकी सगळं घरी.

आता व्यायाम, बऱ्याच जणांनी विचारलंय. हे माझ्यासाठी ठरवलेलं होतं, तुमचं वेगळं असू शकेल.

पहिले दोन आठवडे फक्त दाब कमी करणं. दोन्ही पायांवर सारखा भार. पायावर पाय टाकणं बंद. स्कूटरवर दोन्ही बाजूंना पाय टाकून, त्यासाठी शाळेत सलवार-कमीज सुरू केली. डाव्या कुशीवर झोपताना गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पुरेल अशी जाड उशी. नुसती गुडघ्यात उशी घेतली तर पाऊल खाली लोंबतं आणि मांडी आत वळते, हे मला चार रात्रींनी कळलं. डाव्या कुशीवर असतानाही उजवा का दुखायचा, त्याचं कोडं इथे सुटलं: वरचा पाय गादीवर आडवा पडत होता.

बाजाराच्या पिशवीचं तर मला खरंच आश्चर्य वाटलं. मी कौतुकाने डाव्या हातात धरायचे, उजव्याला त्रास नको म्हणून. फिजिओ म्हणाली, दुखऱ्या बाजूच्याच हातात धरा. डावीकडे ओझं असलं की कंबर डावीकडे खेचली जाते आणि ती सावरायला उजव्या स्नायूला जास्त ओढावं लागतं. काठी मात्र उलट, दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात.

त्याच काळात एक न हलता करायचा व्यायाम: उताणं झोपून गुडघे वाकवायचे, दोन्ही मांड्यांभोवती न ताणणारा पट्टा बांधायचा, आणि गुडघे हळूच बाहेर ढकलायचे. जोर अगदी थोडा. दहा-पंधरा सेकंद धरायचं, सोडायचं, असं दिवसातून दोन-तीनदा. नंतर कंबर उचलणं, आधी दोन्ही पायांवर, मग उजव्यावर थोडा जास्त भार. खुर्चीवरून सावकाश उठबस, गुडघे आत न येऊ देता. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून किंचित गुडघे वाकवून बाजूला पावलं टाकणं, मग एका पायरीवर चढ-उतर.

मोजमाप असं होतं: करताना दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं तर चालेल, पण त्या रात्री किंवा दुसऱ्या सकाळी नेहमीपेक्षा जास्त दुखायला नको. जास्त दुखलं तर व्यायाम बंद नाही करायचा, एक पायरी खाली यायचं. मी रोज वहीत आकडा लिहायचे. सातव्या आठवड्यात घरी सत्यनारायण होता, दिवसभर उभी, आकडा दोनवरून सहावर गेला. रडले त्या दिवशी. फिजिओ म्हणाली, वही मागे उलटून बघा, पहिल्या आठवड्यात सहा हा तुमचा चांगला दिवस होता.

चंदनवंदन

ताई, घाट कधी सुरू केलात?

घाटवाट

अजून पूर्ण नाही. चालणं मुळीच थांबवलं नव्हतं, फक्त सपाटीवर आणलं, शाहू स्टेडियमच्या मैदानात वीस मिनिटं, पावलं जरा आखूड. बाराव्या आठवड्यात अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याने निम्म्यापर्यंत जाऊन परत आले, आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये सुट्टी देऊन. वरच्या दरवाज्यापर्यंत पुढच्या महिन्यात जाईन.

माहुलीकर

एमआरआय झाला. डाव्या खुब्याच्या गोळ्याला रक्तपुरवठा कमी पडतोय, पण गोळा अजून दबलेला नाही, लवकर आलात असं डॉक्टर म्हणाले. उपचार सुरू झालेत, धावणं-उड्या बंद. ताई, आणि मिरजेच्या ताई, तुम्ही तेव्हा लगेच लिहिलं नसतं तर मी अजून जिममध्येच असतो.

बेदाणा_वाडी

आईने पोत्याची घडी घेऊन बसायला सुरुवात केली. शेजारच्या दोघींनी बघून तसंच केलं. रात्रीची गोधडीही घेते. दुखणं गेलं नाही, पण उठताना आता लगेच चालायला लागते. तिला तो पट्ट्याचा व्यायाम सुरू करायचाय. पट्टा कुठला आणायचा? ओढणी चालेल का?

घाटवाट

ओढणीच आणि सुती, मीही तीच वापरते. दुहेरी घडी करा, म्हणजे काचत नाही. गाठ गुडघ्यावर नको, चार बोटं वर, मांडीवर बांधा, पाय खांद्याइतके उघडे राहतील एवढी सैल. पहिले काही दिवस तुम्ही शेजारी बसून सेकंद मोजा, माझ्यासाठी मुलगी मोजायची. नाहीतर दम कोंडून धरतात.